पाठीवरची तीट

तिसरी सुई वाया गेली तर आपण सरळ वडप्याला घरी जाणार, असं केसरीनाथांनी सकाळीच जाहीर केलं. आदल्या दिवशी डॉक्टर यामिनींनी त्यांच्या कमरेत दोनदा सुई घातली होती आणि दोन्ही वेळा ती हाडाला लागून परत आली होती. पाठ भरभक्कम, मणक्यांमधली फट काही बोटांना लागेना.

वर्षभर त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत होते. पत्नी सीताबाईंनी हात धरल्याशिवाय चार गोदामांचा हा मालक न्हाणीपर्यंत पोचत नसे. डोक्यात पाणी साचलं असावं, असा यामिनींचा अंदाज होता. पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढायचं आणि चाल सुधारते का ते पाहायचं. सुधारली तर ऑपरेशनचा उपयोग होण्यासारखा होता. सगळं घोडं त्या सुईपाशी अडलं होतं.

"काका, आज आधी सोनोग्राफीत फट बघते, तिथे खूण करते, मग सुई."

"सोनोग्राफी? मला?" केसरीनाथांनी आपल्या पोटाकडे पाहिलं.

"पोटाची नाही, पाठीची."

मशीनची सरकारदरबारी नोंद तळमजल्यावरच्या एका खोलीची होती, म्हणून ते तिथून बाहेर नेता येत नव्हतं. तिथे पाठीवर पेनाने काळा ठिपका काढून काकांना वर वॉर्डात आणलं, तोच यामिनींना अपघाताचा पेशंट बघायला बोलावणं आलं. त्या वीस मिनिटांत परतणार होत्या. नातेवाइकांना वीस मिनिटं पुष्कळ होतात.

केसरीनाथांच्या थोरल्या बहीण धोंडूबाई गणेशपुरीहून भावाला बघायला आल्या होत्या. त्यांनी पाठ पाहिली आणि त्यांना भरून आलं.

"डाक्टरीन गुणाची हाय गो. तीट लावलीय."

"काल दोन सुया वाया गेल्या ना वन्स. नजरच लागली हाय," सीताबाई म्हणाल्या.

"पण येवढ्याशा तिटेनं काय व्हतंय? पाठ बघ केवढी हाय." धोंडूबाईंनी पिशवीतून काजळाची डबी काढली आणि एक ठसठशीत तीट लावली. नवरा आपला आणि मोठी तीट नणंदेची, हे सीताबाईंना रुचलं नाही. त्यांनी शेजारी आपली लावली. मग एका बाजूला जास्त झाल्या म्हणून धोंडूबाईंनी दुसऱ्या बाजूला आणखी दोन लावल्या.

"काय चाललंय माझ्या पाठीवर?" केसरीनाथ उशीत तोंड खुपसून म्हणाले.

"काय न्हाय. गप पड."

यामिनी आल्या तेव्हा पाठ फाशावरच्या पाचासारखी दिसत होती.

"यातली माझी कुठली?"

दोघींनी दोन वेगवेगळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. यामिनींनी काजळ पुसायला स्पिरिटचा बोळा फिरवला, तर पेनाची खूणही गेली. पाठ कोरी झाली.

"मी चाललो घरी," केसरीनाथ म्हणाले.

"पायी?" सीताबाईंनी विचारलं. केसरीनाथांनी पुन्हा उशीत तोंड खुपसलं. खरं तर त्यांना मनातून फार भीती वाटत होती.

यामिनींनी या खेपेला सुयांचा ट्रेच खाली नेला. काकांना टेबलावर वाकवून बसवलं, मिठीत उशी दिली, मशीनवर फट शोधली, खूण केली आणि खुणेवर कोणाची नजर पडायच्या आत सुई घातली. पहिल्याच झटक्यात स्वच्छ पाणी टपटपू लागलं. दाराबाहेर धोंडूबाई सांगत होत्या, तीट कामाला आली म्हणून.

तीन तासांनी केसरीनाथांना पॅसेजमध्ये उभं केलं. सवयीने सीताबाईंनी हात पुढे केला, पण तो धरायच्या आत ते निघाले होते. पाऊल उचललं जात होतं. पॅसेजच्या टोकाशी जाऊन वळून आले आणि पुन्हा निघालेसुद्धा. सीताबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. पदराने ते टिपत त्या मागोमाग धावल्या.

"आवो, हलू चाला. माजे गुडघे दुखतात."

केसरीनाथ थांबले. त्यांनी हात पुढे केला.

"ये, धर. न्हायतर तुजीबी पाठ दाखवू डाक्टरनीला."

सीताबाईंनी हात धरला आणि पावलं जरा भरभर उचलली.