कोकरू नसल्याचा दाखला

सन १९५७ साली पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या बारा बायांनी बसायला बाकडे मिळावे असा अर्ज केला. आठ तास उभे राहून पाय सुजतात, एवढेच त्यात लिहिले होते. अर्ज मुंबईच्या मुख्य कचेरीत गेला आणि तीन महिन्यांनी एका ओळीचे इंग्रजी उत्तर आले: कामगारांना 'कॉसेट' करू नये.

हा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. कामगार अधिकारी हिंदुराव यांनी तो कारकून इकबाल यांच्याकडे सोपवला. इकबालनी पुण्याहून जाडजूड कोश आणवला.

"साहेब, अर्थ आहे लाड करणे. पण मूळ शब्द कोकराचा. आईविना, माणसाने घरात हाताने पाजून वाढवलेलं कोकरू म्हणजे कॉसेट."

"मग मनाई कशाची? लाडाची की कोकराची?"

"मूळ अर्थ धरला तर कोकराची."

"मूळच धरा. लाड मोजता येत नाहीत, कोकरू तपासता येतं."

त्यानुसार आदेश निघाला. जी बाई आईच्या दुधावर वाढली असेल, तिला बसण्यास हरकत नाही. तसा गावच्या पाटलाचा दाखला जोडावा. अकरा दाखले चार दिवसांत आले. चिखलीच्या पाटलांनी तर दूध उत्तम प्रतीचे असल्याचाही शेरा मारला होता.

बारावी अंबुबाई, चऱ्होलीची. तिचा कागद इकबालनी स्वतः भरायला घेतला.

"आई?"

"मी झाले त्याच दिशी गेली. आत्यानं शेळीच्या दुधात वात बुडवून पाजलं."

इकबालनी टाक थांबवला. "आईचं दूध मिळालं, असं लिहू का?"

"न्हाई. आत्यानं केलं त्ये आत्याच्याच नावावर ऱ्हाऊ द्या."

हिंदुरावांनी कागद दोनदा वाचला. आई नाही, हाताने पाजलेली, घरात वाढवलेली. तिन्ही लक्षणे जुळत होती. त्यांनी लाल शाईने शेरा मारला: 'लाडावलेली'.

इकबालनी तो अंबुबाईला वाचून दाखवला. "व्हय का," ती म्हणाली. "आजवर असं कुनी म्हनलं न्हवतं."

बाकडे आले ते बारा जणींचे, कारण अर्ज बारा जणींचा होता. अकरा बसल्या. अंबुबाई उभ्याने बाटल्या धुऊ लागली. पहिल्या दिवशी बाकीच्या अवघडून बसल्या. आठवड्याने रिकाम्या जागेवर त्यांचे जेवणाचे डबे आले. नियम चुकीचा आहे यावर सर्वांचे एकमत होते. उठण्याची सूचना मात्र कुणाकडूनही आली नाही. वाचकांपैकी कुणी उठले असते, असे मानण्यास कार्यालयाकडे आधार उपलब्ध नाही.