घराबाहेर न गेलेला संगणक

जेवणाच्या टेबलावर संगणक आला, तेव्हा बायकोने ताटे ओट्यावर नेली आणि तक्रार केली नाही. संगणक घरगुतीच होता. पण बाजूला खोकी जोडत जावीत तशी त्याची ताकद वाढे. नवऱ्याचे संगणकाचे दुकान डबघाईला आले होते. पुलांचे आराखडे करणारी कार्यालये आपली महागडी यंत्रे टाकून हाच संगणक घेतील, असे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते.

मेमरीचे खोके जोडले. मग गणिताचे. ते तापते म्हणून पंख्याचे. टेबल संपले तशी रांग पलंगावर चढली. मधले एखादे खोके जरा हलले, तरी सगळे बंद पडे.

"अहो, मी झोपू कुठे?"

"तात्पुरतं आहे गं. एकदा ऑर्डर मिळाली की सगळं ऑफिसात जाईल."

"आणि नाही मिळाली तर?"

"अभद्र बोलू नकोस. आणि चालताना पाय आपटू नकोस."

पहिले वाक्य तिने सोडून दिले असते. दुसऱ्यावर ती बहिणीकडे गेली. "हे धूड गेलं की फोन करा. असेन तशी निघून येईन."

ती यावी म्हणून यंत्र खपायला हवे होते; खपायचे तर वेग हवा; वेगासाठी आणखी एक खोके. तिचे कपाट तसेही रिकामे झाले होते.

रांग हलवता येईना, म्हणून एका कार्यालयाचे मुख्य अभियंता दोन ड्राफ्ट्समन घेऊन घरीच आले. पडद्यावर पूल उभा राहिला, त्यावर भार पडला, तो कुठे वाकेल तेही दिसले.

"आमच्या यंत्राला एवढ्या वेळात जमत नाही हो. घेतलं!"

नवऱ्याने स्वयंपाकघरात धावत जाऊन फोन केला. "खपलं! ये."

बाहेर येतो तर अभियंता विचारात. "हलवलं की बंद पडतं म्हणालात ना?"

"हो, पण पुन्हा जोडता येतं…"

"मग हलवायचं कशाला? आमची माणसं इथंच बसतील. काय रे, बसाल ना?"

नाही म्हटले तर दुकान गेले असते. नवऱ्याने मान डोलावली.

संध्याकाळी बायको बॅग घेऊन आली. दार ड्राफ्ट्समनने उघडले. "कोण हवंय?"

आत नवरा पाठमोरा, दोन्ही हातांनी एक केबल दाबून बसलेला. वळला असता तर पूल गेला असता.

"साहेब, एक बाई आल्यात."

"गिऱ्हाईक असेल. बसवा त्यांना."

ड्राफ्ट्समनने खोलीभर नजर फिरवली आणि तो ओशाळला. "ताई, इथं जरा अडचण आहे. उद्या जमेल?"

"बघते," ती म्हणाली, आणि खाली ठेवलेली बॅग तिने उचलली.