शंभर दिवस, शून्य अपघात

माणसाचे पाय जितका वेळ जमिनीपासून दूर राहतात, तितकी त्याची प्रगती झालेली असते.

रावेतच्या आमच्या सोसायटीत ही प्रगती क्लिपलेस पेडलच्या रूपाने आली. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेले, असे भाबड्या माणसाला वाटेल. (आमच्या सोसायटीचे नाव 'वनराई' आहे, झाडे दोन, दोन्ही कुंडीत.) प्रत्यक्षात बुटाच्या तळाची पट्टी पेडलमध्ये 'खट्' करून अडकते आणि पाय सायकलच्या मालकीचा होतो. सुटायला टाच बाहेर वळवायची, एवढेच. पडण्याआधी हे आठवले तर उत्तमच.

नवशिक्यांनी ही पेडल वापरावीत का? सोसायटीच्या सायकल मंडळाचे अध्यक्ष सुरेंद्र हे महाळुंगे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी हेड आहेत. त्यांनी हा प्रश्न शास्त्रशुद्ध सोडवला. पेडलवरून पाय निसटणे हा दोष. पाय निसटूच शकला नाही, की दोष संपला. मग सभासदांचे मत घेतले. फॉर्मवर पर्याय दोन होते: 'होय' आणि 'लगेच होय'. शंभर टक्के सभासद अनुकूल निघाले.

पार्किंगच्या खांबावर, कारखान्याच्या गेटवर असतो तसा, फलक लागला: 'अपघाताविना दिवस'. धावत्या सायकलवरून पडणे म्हणजे अपघात, अशी व्याख्या ठरली. नवशिके पडतात ते सिग्नलला, सायकल उभी असताना. त्यामुळे नव्याण्णव दिवसांत एकतीस जण पडले (डावीकडे बावीस, उजवीकडे आठ, एक जण दुसऱ्या सभासदावर) आणि अपघात शून्य.

त्याच पार्किंगमध्ये मी मुलांना सायकल शिकवतो. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे माझी पद्धत मागासलेली आहे. पहिले दोन दिवस मुले फक्त थांबायला आणि पाय टेकायला शिकतात. सुरेंद्रांची दहा वर्षांची निवेदिता त्यात पटाईत. शंभराव्या दिवशी बापलेकीने आकुर्डी स्टेशनपर्यंत जायचे आणि परतल्यावर तिलाही ते बूट द्यायचे, असे तिच्या बाबांनी ठरवले.

"आजोबा, मला नकोयत ते," ती मला म्हणाली. "मला पाय टेकायला आवडतं."

मी अध्यक्षांशी बोललो.

"सर, आत्ताच सवय नको का लागायला? बाकीची मुलं पुढे निघून जातील!"

कुठे, ते त्यांनी सांगितले नाही. मीही मागासलेला, विचारले नाही.

शंभराव्या दिवशी मी माझ्या जुन्या सायकलवर त्यांच्या मागे होतो. आकुर्डीच्या सिग्नलला लाल दिवा लागला. निवेदिताने पाय टेकला. सुरेंद्र थांबले आणि सावकाश, पदाला शोभेल अशा रीतीने, सोनबा शहाळेवाल्याच्या हातगाडीकडे कलू लागले.

"आवं सायेब, पाय टेका की!" सोनबा ओरडला.

"निघत नाहीये!"

"कुनी अडकिवला?"

"मीच!"

"मंग बरूबर हाय," सोनबा म्हणाला आणि त्याने शहाळी वाचवली.

साहेबांचे मनगट मोडले. (सायकल उभी होती. संध्याकाळी फलकावर शंभरचा आकडा लागला, पेढे वाटले.)

प्लास्टरातल्या अध्यक्षांनी लगेच बैठक घेऊन मूळ कारण शोधले. ते 'थांबणे' निघाले. सवय उशिरा लागल्याने असे होते, सबब मुलांना बूट लवकर द्यावेत, असा ठराव एकमताने झाला. निवेदिताचे बूट दुसऱ्याच दिवशी आले. ती रडली नाही. शहाणी मुलगी आहे. सध्या रोज संध्याकाळी ती भिंतीला धरून सायकलवर बसते आणि मी तिला एकच गोष्ट शिकवतो: टाच बाहेर. पुन्हा. टाच बाहेर.

तुम्ही हसलात, बरे वाटले. तुमचा मुलगा सहावीतच इंजिनीअरिंगच्या फाउंडेशन क्लासला जातो ना? घालण्यापूर्वी त्याला विचारले असेलच. छान केलेत.

पर्याय किती दिले होते?