साउमामाचा जपानी कमोड

"दिएम, ए दिएम! खाली ये जरा. रिकामीच आहेस ना?"

साउमामाची ही हाक ऐकली की दिएम जिना उतरायच्या आधीच बाह्या सरसावायची. कान्थो शहरातली तिची पर्यटन कंपनी बंद पडली आणि ती सादेक गावी मामाच्या घरी, वरच्या मजल्यावर आईजवळ राहायला आली, तेव्हापासून अख्ख्या घराण्याला तिच्या रिकामपणाचा शोध लागला होता. ऊतमावशीच्या शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालायचं? दिएम. शेजारच्या आजींना कवळी बसवायला न्यायचं? दिएम. कोंबडी कुठे अंडी घालून आली ते शोधायचं? तेही दिएमच.

"मी नोकरी शोधतेय," असं ती म्हणायची.

"शोध की," आई म्हणायची, "कोण नको म्हणतंय? तेवढा हा लसूण सोलता सोलता शोध."

ती खाली आली, तर अंगणात थर्माकोल आणि चिकटपट्ट्यांचा ढीग पडला होता आणि त्याच्या मधोमध एक पांढराशुभ्र कमोड नवरदेवासारखा विराजमान झाला होता. शेजारी घामाने निथळणारा, पण कृतार्थ चेहऱ्याचा साउमामा.

"जपानी!" तो म्हणाला.

जुन्या जपानी मालाचं मामाला वेड होतं. जपान्यांनी कंटाळून टाकलेली वस्तू आपल्याला जन्मभर पुरते, असं त्याचं ठाम मत. त्याच्या घरात भात शिजला की गाणं म्हणणारा कुकर होता, दार उघडं राहिलं की रागावणारा फ्रिज होता, आणि एक यंत्र तर असं होतं की ते कशाचं आहे हे आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मामी त्याच्यावर टीव्ही ठेवायची.

"परवा बाबांचं श्राद्ध," मामा म्हणाला. "पाच टेबलं माणसं येणार. आणि थिन्ह येतोय."

थिन्ह म्हणजे मामाचा शाळेतला मित्र. आता त्याचा माशांचा मोठा कारखाना होता आणि त्याचा सगळा माल जपानला जायचा. थिन्हसाहेब जपान्यांशी जपानीत घासाघीस करतात, अशी साऱ्या गावात ख्याती होती.

"त्याच्या ऑफिसात जपानी येणारी मुलगी हवीय," मामा म्हणाला. "मी सांगून टाकलंय, आमची दिएम फाडफाड जपानी बोलते."

"मामा, अरे फाडफाड कुठे…"

"मग चार वर्षं कॉलेजात काय गवत उपटलंस?"

गवत उपटलं नव्हतं, पण फारसं काही पेरलंही गेलं नव्हतं. बोलणं दिएमला बऱ्यापैकी जमायचं. लिहिलेलं वाचायची वेळ आली की मात्र ती सगळी अक्षरं एकाच आईची लेकरं वाटायची. कंपनीत तिचं काम म्हणजे पिवळं निशाण हातात धरून जपानी प्रवाशांना "इकडून या," "पायरी आहे, सांभाळा" आणि "संडास उजवीकडे" एवढं सांगायचं.

कमोडच्या बाजूला एक पट्टी होती आणि तिच्यावर ओळीने पाच बटणं. मामाने पहिल्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"मागची बाजू."

"कशाची मागची बाजू?"

"आपली."

मामाने क्षणभर विचार केला. "अच्छा! आणि हे?"

"पुढची बाजू. बायकांसाठी."

"आणि हे?"

"गरम वारा."

"वारा? तिथे?"

"हो."

"काय लोक आहेत!" मामाने हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

चौथं बटण 'थांबा'चं होतं. पाचव्यापाशी गाडी अडली. त्याच्याखाली बारीक अक्षरांची अख्खी ओळ होती. पण भंगारवाल्याने माल चकचकीत करण्याच्या भरात तारेच्या ब्रशने तिचा सुरुवातीचा अर्धा भाग पार उडवून लावला होता. उरलेल्यात 'पाणी' ओळखू आलं. त्याच्यापुढे 'सुटतं' असावं. मग 'धुणं' का काहीतरी. फोनमध्ये बघता आलं असतं, पण फोन वर चार्जिंगला होता, आणि मामाच्या मागे आता मामी, आई, ऊतमावशी सगळ्या येऊन मोठ्या आशेने तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"पाणी सोडा," दिएम ठामपणे म्हणाली. "फ्लश."

"बघा!" मामा बायकांकडे वळून म्हणाला. "शिक्षण वाया जात नाही. लिहून टाक, पोरी."

दिएमने पांढऱ्या चिकटपट्टीचा एक लांब तुकडा कापला, पाचही बटणांची नावं ठळक अक्षरांत लिहिली आणि पट्टी बटणांखाली चिकटवली. कमोड बसवून झाल्यावर मामाने झाकणावरच बसकण मारली, घाम पुसला आणि पाचवं बटण दाबलं. आत झकास खळखळाट झाला. "एक नंबर!" मामा म्हणाला, आणि त्याने संडासातली जुनी बादली नि टमरेल उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. "थिन्ह काय म्हणेल, हे असलं दिसलं तर?"

श्राद्धाच्या दिवशी सकाळपासून घर माणसांनी फुललं. आजोबांच्या फोटोपुढे उदबत्त्या लागल्या, नैवेद्य झाला. अंगणात ताडपत्रीखाली टेबलं मांडली गेली. नारळपाण्यात मुरलेलं डुकराचं मटण आणि अंडी, भरल्या कारल्यांचं सूप, केळीच्या पानातले चिकट गोड पुडे, आणि पुरुषांच्या टेबलांवर बर्फ घातलेली बियर. दिएम बर्फाची बादली घेऊन इकडून तिकडे पळत होती.

नव्या कमोडचा पहिला मान तान मास्तरांचा. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कपड्याची इस्त्री कधी मोडत नसे. ते आत गेले आणि थोड्या वेळाने टोपी पोटाशी घट्ट धरून बाहेर आले. काही न बोलता पंख्याजवळच्या टेबलावर जाऊन बसले.

त्यानंतर ऊतमावशी. तिने खास या दिवसासाठी फिकट जांभळा रेशमी पोशाख शिवून घेतला होता. बाहेर आली तेव्हा तो वर फिकट जांभळा आणि पोटापासून गुडघ्यापर्यंत गडद जांभळा होता. तीही मुकाट्याने पंख्याजवळ येऊन बसली.

"काय गं, काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. उकडतंय."

तान मास्तरांनी तिच्या पोशाखाकडे पाहिलं. मावशीने मास्तरांच्या विजारीकडे पाहिलं. दोघांनीही नजर खाली घातली. मग मास्तरांनी आपल्या वाटीतलं अंडं हळूच उचलून मावशीच्या वाटीत घातलं.

असं एकामागून एक चाललं. जो आत जाई तो पुढून ओला होऊन येई, आणि जो ओला होऊन येई तो अवाक्षर काढत नसे. सांगणार तरी काय? श्राद्धाच्या घरी येऊन 'तुमच्या कमोडने माझ्यावर पाणी उडवलं' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शिवाय वस्तू जपानी. आपल्यालाच वापरता आली नसेल, आपण पडलो गावठी, असं ज्याला त्याला वाटत होतं. हळूहळू पंख्याजवळचं टेबल भरत गेलं. जागा पुरेना, तेव्हा दुसरं टेबल ओढून घेतलं. तिथली माणसं एकमेकांना न ओळखताही फार आपुलकीने वाढत होती.

बर्फ द्यायला गेलेल्या दिएमच्या हे लक्षात आलं. तिने मावशीच्या कानाला लागून विचारलं, "मावशी, खरं सांग. झालंय काय?"

"तू लिहिलंयस ना, 'पाणी सोडा'?" मावशी ओठ न हलवता म्हणाली. "सोडतं हो ते. काम झालं की माणूस उठतं, वळतं, वाकून बटण दाबतं. खाली खळखळ पाणी जातं, आणि वरून एक नळी तोंड बाहेर काढून आपल्यावर पिचकारी मारते."

दिएमने बादली तिथेच टाकली आणि संडासात धाव घेतली. कडी लावली, झाकण उघडलं, बटण दाबलं. पिचकारी सरळ छातीवर बसली. अंग पुसत ती खाली वाकली, तर झाकणाच्या आतल्या बाजूला तीच ओळ छापलेली. इथे तिला ब्रश लागला नव्हता. सगळी अक्षरं शाबूत होती, आणि सोबत नखाएवढं, पण अडाण्यालाही कळेल असं चित्र. 'आधी झाकण लावा, मग दाबा. पाणी सुटतं आणि नळी धुतली जाते.'

तिने फक्त दुसरं वाक्य वाचलं होतं.

एवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरून मामाचा आवाज आला, "ये थिन्ह, ये! आत बघ तर खरं, काय आणलंय ते!"

नवं लिहायला पेन नव्हतं. निदान ते चुकीचं तरी राहू नये म्हणून तिने पाचव्या नावाचं टोक धरून ओढलं, तर ओली झालेली पट्टी पाचही नावांसकट हातात आली. ती मुठीत दडवून तिने दार उघडलं.

समोर थिन्हसाहेब उभे होते. कडक खळीचा पांढरा शर्ट, विजारीला सुरीसारखी घडी.

"या काका," दिएम म्हणाली, आणि अंगातून पाणी गळत असताना जितकं अदबीने वाकता येतं तितकं वाकली. जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं. यांना काय, जपानी येतं. वाचतील आणि करतील बरोबर.

साहेब बराच वेळ आत होते. मग बाहेर आले. शर्टाची खळी जशीच्या तशी. विजारीची घडी जशीच्या तशी.

मामाचा चेहरा अभिमानाने फुलला होता. पंख्याजवळच्या टेबलांवर मात्र चमचे थांबले. ऊतमावशीची नजर साहेबांच्या कॉलरपासून निघाली, सावकाश खाली उतरत बुटांपर्यंत गेली आणि परत वर आली.

"कोरडा!" ती पुटपुटली.

"कोरडा," शेजारचा म्हणाला.

"कोरडे आहेत," तान मास्तरांनी व्याकरण सुधारलं. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे… सोडलंच नाही?"

मावशीने त्या दिवशी दोन बियर घेतल्या होत्या आणि तिचा रेशमी पोशाख कायमचा डागाळला होता. ती उभी राहिली. "काय हो साहेब? मोठी माणसं तुम्ही! आमच्या भावाच्या घरी येऊन साधं एक बटण दाबवलं नाही होय?"

"ऊत! खाली बस!" मामा ओरडला. "कसलं बटण?"

"पाणी सोडायचं! आम्ही सगळ्यांनी दाबलं!" आणि पुरावा म्हणून ती दोन्ही टेबलं एकदम उठून उभी राहिली, ओल्या पोटांनिशी.

थिन्हसाहेबांचे कान लाल झाले. आता संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारात जाणार, उद्या कारखान्यात पोचणार, आणि माणसाने उभ्या आयुष्यात किती मासे विकले हे विसरून लोक एवढंच लक्षात ठेवणार.

दिएमच्या मुठीत ती ओली पट्टी होती. खरं सांगितलं तर 'फाडफाड'चा निकाल लागणार होता, आणि नोकरीचाही. समोरून आई डोळे मोठे करून, मान हलवून सांगत होती, गप्प बस.

"मावशी, थांब," दिएम म्हणाली. "चूक त्यांची नाही, माझी आहे. मला ती ओळ पुरती वाचता आली नाही. मी अर्धंच लिहिलं. आधी झाकण लावायचं, मग बटण दाबायचं, असं आहे ते. काकांना जपानी येतं. त्यांनी आतलं वाचलं, झाकण लावलं, मग दाबलं. म्हणून ते कोरडे आहेत. तुम्ही ओले झालात ते माझ्यामुळे."

सगळी तोंडं थिन्हसाहेबांकडे वळली.

साहेबांनी कॉलर नीट केली. "अर्थात," ते म्हणाले. "झाकण. जपानात असंच असतं सगळीकडे."

मग काय विचारता! तान मास्तरांनी उठून माफी मागितली. ऊतमावशीने मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा साहेबांच्या वाटीत घातला आणि ग्लासात स्वतःच्या हाताने बर्फ टाकला. हसण्याचा एकच गोंधळ उडाला आणि ओली माणसं आता उघडपणे आपापल्या पिचकाऱ्यांची वर्णनं करू लागली. मामा तेवढा दिएमकडे बघून "अर्धंच? अर्धं?" असं म्हणत राहिला. आईने तर कपाळालाच हात लावला होता.

दिएम मागच्या अंगणात जाऊन ग्लास विसळत बसली. गेली नोकरी, तिने मनाशी म्हटलं. आता पुन्हा कुंड्या, कवळी आणि कोंबड्या.

मागे पावलं वाजली. थिन्हसाहेब होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि नारळाच्या झाडाचं निरीक्षण करत असल्यासारखे तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"पोरी, एक विचारू?"

"काका, मला माफ करा. मला ती अक्षरं खरंच…"

"ते असू दे गं." साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "झाकण लावायचं, ते कळलं. पण मग… त्या पाचांतलं दाबायचं कुठलं?"

दिएमने वर पाहिलं. साहेब नारळच मोजत होते.

"उजवीकडचं शेवटचं, काका," ती म्हणाली.

"उजवीकडचं. बरं."

ते हात मागे बांधून, फिरायला निघाल्यासारखे संडासाच्या दिशेने गेले. कडी लागली. झाकण पडल्याचा आवाज आला, मग खळखळाट झाला, आणि मग एक लांब सुस्कारा.

साहेब परत येऊन मामाच्या शेजारी बसले. पूर्वीइतकेच कोरडे. बियरचा मोठा घोट घेऊन म्हणाले, "साउ, मुलगी कामाची आहे. सोमवारी पाठवून दे."

मामाला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "अरे पण थिन्ह, तुझ्यासमोरच झालं ना सगळं? तिला अर्धंच वाचता येतं!"

"अर्धं पुष्कळ झालं," थिन्हसाहेब म्हणाले. "आमच्या ऑफिसात तेवढंही कोणाला येत नाही."