जतच्या एसटीतली हार्ड डिस्क

दर शनिवारी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतून एक गृहस्थ स्टीलचा डबा छातीशी धरून जतच्या एसटीला निघतात. डब्यात चपाती-भाजी नसते, हार्ड डिस्क असते. कंडक्टरनं "काय हाय तात्या ह्यात?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "निम्मी सांगली हाय. डायव्हरला म्हनावं, ब्रेक बेतानं मार."

हे भीमराव तात्या. फौजेतून सुटले आणि फोटो स्टुडिओ काढून बसले. लग्नं, बारशी, जत्रेतल्या कुस्त्या, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात. महापुराचं पाणी स्टुडिओत शिरलं आणि लोकांचे किती तरी फोटो चिखलात गेले. तेव्हापासून जे वाचलं आणि जे नवं काढलं, त्याची एक प्रत जतला सासुरवाडीत ठेवतात. "तिथं प्यायला पानी न्हाई, बुडवायला कुठनं येनार?" पाण्यातलं मला काय कळणार? माझं तर नुसतं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

काकू पुरानंतर माहेरी जतला गेल्या त्या तिकडंच राहिल्या. नदीच्या गावात झोप लागत नाही, हे त्यांचं म्हणणं. नदीला पाठ दाखवणार नाही, हे तात्यांचं. समजूत घालायला गेलेले पाहुणे दोन्हीकडचा चहा पिऊन परत आले.

तात्यांचा कॉम्प्युटरही तसाच हट्टी. पंखा सुरू झाला की शेजारी पिठाची गिरणी लागल्यासारखं वाटतं. नवा घ्या म्हटलं की तात्या उसळतात. "मला पलटनीनं ऐन उमेदीत पेन्शनीत काढलं. मी ह्येला काढनार न्हाई!"

शनिवारी उठून डिस्कवरची जुनी प्रत पुसायची आणि सगळे फोटो पहिल्यापासून भरायचे, ही त्यांची रीत. जुन्या यूएसबीतून फोटो मुंगीच्या पावलानं जायचे. सकाळची गाडी हमखास चुकायची.

"आवं तात्या, नवे तेवढेच भरा. जुने हाईतच की डिस्कवर."

"हजेरी घेताना काल हजर हुता म्हनून नाव गाळत्यात व्हय रं?"

"मग शुक्रवारी भरून ठेवा."

"हजेरी त्याच दिवशीची. शिळी चालत न्हाई."

इंटरनेटवर ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "ज्येच्या दारात कवा पाय ठेवला न्हाई, त्येच्याकडं लोकांच्या लेकीबाळींचं फोटो?" मी नाद सोडला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं!

आणि गेल्या आठवड्यात तात्या आपणहून दुकानात आले. "गड्या, सकाळची गाडी गावली पायजे. काय करायचं ते कर."

मी लगेच त्यांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर उघडला, धूळ काढली, मागच्या रिकाम्या खाचेत वेगवान यूएसबीचं कार्ड बसवलं. मग भीत भीत विचारलं, "आणि हजेरीचं?"

तात्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "जुनी मानसं भरवशाची हाईत. नवी भरती तेवढी मोज."

मला खरंच वाटेना. हा माणूस कधी कुणापुढं नमल्याचं मी पाहिलं नव्हतं. शनिवारी चहा संपायच्या आत प्रत तयार झाली.

"तात्या, एवढी घाई कसली?"

"शनवारी मी जाईस्तवर ही जेवत न्हाई. दुपारच्या गाडीनं गेलो की तिला जेवायला दिवस मावळतो. आदी चालत हुतं. आता साखरंची गोळी लागलीया. मागच्या शनवारी चक्कर यिऊन चुलीपाशी पडली."

"मग डिस्क राहू द्यायची, तसंच जायचं!"

"मोकळ्या हातानं? म्हनंल, आला का वळनावर!"

"निदान फोन करून सांगा, जेवून घे म्हणून."

"सांगितलं की." तात्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "म्हनली, तुमी नदी सोडत न्हाईसा, मी शनवार सोडत न्हाई."

मी तोंड फिरवून उगाच वायरी गुंडाळत बसलो. तात्या डबा छातीशी धरून स्टँडकडं निघाले होते, आणि सकाळची गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.