तीन ठोके

दाऊद सोलकरने एकोणीसशे चाळीस साली नॉर्वेच्या एका खाडीत ऐकलेला जहाजाचा भोंगा एकतीस वर्षांनी, एका सोमवारी सकाळच्या भरतीबरोबर, त्याच्या गावच्या बंदराला लागला.

येणार हे आठ दिवस आधीच कळलं होतं. एडनहून तार आली होती : 'केल्डरमोर जहाजाचा आवाज गुरुवारी पुढे गेला. सुस्थितीत.' बंदर कचेरीतल्या करंगुटकर कारकुनाला त्यात नवल वाटलं नाही. आदल्या वर्षी कुठल्यातरी लढाईतल्या एका तोफेचा आवाज आला होता. वारस मिळेना, म्हणून तो मुंबईला पाठवून दिला होता.

"दाऊदचाचा, ओळख पटवायला तुम्ही लागाल," करंगुटकर म्हणाला. "त्या जहाजावरचे तुम्हीच उरलात. आणि हक्कदार म्हणून रुकय्याबाई परकार."

रुकय्याचा नवरा हुसेन दाऊदचा जोडीदार होता. दोघं त्या जहाजाच्या भट्टीवर कोळसा मारत. हुसेन परत आला नाही. कागदोपत्री तो अजून बेपत्ता होता, म्हणून रुकय्याच्या हातात अजून बांगड्या होत्या.

ती सकाळीच जेटीवर येऊन बसली होती. सोबत घावनांचा डबा होता.

"नवऱ्यापेक्षा त्याचा भोंगा बरा म्हणायचा," ती म्हणाली. "उशिरा का होईना, घरी आला. खा दाऊदभाय. आठ दिवसांत वाळलात."

दाऊदने घावन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

त्या खाडीत तेव्हा गुडघाभर बर्फ होतं. इंग्रजांची पलटण आठवड्यापूर्वी उतरली होती, ती आता परत जहाजावर चढत होती. पलटणीचे बर्फातले बूट एका खाडीत उतरले होते आणि पाय दुसऱ्या खाडीत. लढाऊ जहाजं बाहेर समुद्रात उभी होती, वरून जर्मन विमानं येत होती. केल्डरमोर कोळसा आणि तंबू घेऊन मधोमध अडकलं होतं.

भट्टीवाल्यांची एक रीत होती. खाली भट्टीच्या गर्जनेत भोंगा ऐकू येत नसे. म्हणून जोडीतला जो राख टाकायला वर गेला असेल, त्याने जहाज सोडायचा भोंगा होताच फावड्याने लोखंडी शिडीवर तीन ठोके द्यायचे. ठोके लोखंडातून खाली पोहोचत. मग खालचा वर येई.

त्या दिवशी राख टाकायला दाऊद वर गेला होता.

रुकय्या दर ईदेला विचारायची, आणि दर ईदेला तो सांगायचा, "तीनदा ठोकलं, भाभी. जोरात ठोकलं."

भरती जेटीच्या तिसऱ्या पायरीला लागली आणि भोंगा आला. सात आखूड, एक लांब. पाण्यावरचे बगळे उडाले. मागोमाग विमानांची घरघर आली, कुणाचं तरी इंग्रजीत ओरडणं आलं, होडी खाली सोडताना दोर करकरला.

"तोच का?" करंगुटकरने विचारलं.

"तोच."

"आणखी काही यायचंय?"

रुकय्या म्हणाली, "तीन ठोके यायचेत."

करंगुटकरने वहीत 'उर्वरित : ठोके, नग तीन' असं लिहिलं आणि तो थांबला. तिघं पाण्याकडे बघत बसले. धावणारी पावलं आली. ती शिडीजवळ आली, क्षणभर थांबली आणि दुसरीकडे गेली. मग वल्ह्यांचा आवाज आला, दमादमाने, लांब जाणारा. मग काहीच आलं नाही.

पाणी पायऱ्या उतरू लागलं.

"ओहोटी लागली," करंगुटकर हळू म्हणाला. "यापुढे काही येत नाही, बाई. वाटेत गळालं म्हणावं, तर एडनची तार सुस्थितीत म्हणते."

दाऊद उठला. जेटीला लोखंडी शिडी होती. हातातल्या काठीने त्याने शिडीवर तीन ठोके मारले. जोरात मारले. लोखंडातून ते पाण्यात गेले.

करंगुटकरने टाक उचलला. "हे तेव्हाचे, की आत्ताचे?"

रुकय्या त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"आत्ताचे," तो म्हणाला.

"मग या वहीत बसत नाहीत." करंगुटकरने 'उर्वरित'वर आडवी रेघ मारली आणि वही रुकय्यापुढे सरकवली. "इथं अंगठा, बाई."

रुकय्याने अंगठा दिला. पदराला शाई पुसली. डब्याचं झाकण लावलं, डबा दाऊदच्या पायाशी ठेवला आणि जेटीवरून सावकाश चालत गेली. तिच्या बांगड्या बराच वेळ ऐकू येत होत्या.