अर्जंटचे अकरा शिक्के

कार्यालयाची प्रगती तिथे किती कामं झाली यावरून मोजू नये, किती कामं अर्जंट आहेत यावरून मोजावी. या मापाने पाहता सदर कार्यालय फारच पुढे गेलं होतं. गेल्या मंगळवारी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी तर त्याने ‘अर्जंट’ या शब्दाचा नेमका अर्थच एकमताने ठरवून टाकला. पाच पंचवीसला तो ठरलाच नव्हता, असंही एकमताने ठरलं. त्यामुळे पुढील हकिगत घडलेली नाही. तरी ती क्रमाने सांगितलेली बरी.

आवक विभागात एक कारकून होते. सत्तावीस वर्षं आलेल्या कागदावर शिक्का मारणं हेच त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना शिक्केमामा म्हणत. ते रुजू झाले तेव्हा ‘अर्जंट’ हा एकच शिक्का होता आणि तो मारलेला कागद खरंच जिना चढायचा. मग प्रत्येकाला वाटू लागलं की आपलाही कागद चढावा. सगळेच अर्जंट झाले, तेव्हा ‘मोस्ट अर्जंट’ बनवून घ्यावा लागला. तोही पुरेना. भाषा समृद्ध असल्यामुळे अडचण आली नाही. आज पेटीत अकरा शिक्के आहेत: अर्जंट, मोस्ट अर्जंट, व्हेरी मोस्ट अर्जंट, तातडीचे, अतितातडीचे, तत्काळ, विनाविलंब, आजच, आत्ताच, कालच, आणि खरोखर अर्जंट. (‘कालच’ला मागणी सर्वाधिक.) गेल्या वर्षी बिनशिक्क्याचे फक्त दोन कागद आले. ते कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचे हे न कळल्याने त्यांचा त्याच दिवशी निकाल लागला. दोन्ही प्रकरणी चौकशी चालू आहे.

त्या मंगळवारी शिक्केमामांनी चार वाजता निघायची परवानगी काढली होती. सहा वाजता लेकीच्या शाळेत नाटक होतं. लेक झाड होती. झाडाला एकच वाक्य होतं, “बसा सावलीला, घाई काय आहे?” आणि ते तिने महिनाभर घरातल्या प्रत्येक माणसाला, दूधवाल्यालाही, म्हणून दाखवलं होतं. मागच्या वर्षी ती दगड होती, तेव्हा मामांना जमलं नव्हतं. यंदा त्यांनी शब्द दिला होता.

तीन चाळीसला ते शिक्क्यांची पेटी साहेबांच्या कपाटात जमा करायला लिफ्टने निघाले आणि लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. तिसऱ्या मजल्यावरून पाहिलं तर मामांचं डोकं फरशीच्या पातळीला, ठेवल्यासारखं दिसे. त्यांचा फोन टेबलावर चार्जिंगला होता (अर्जंट वेळी बॅटरी असावी म्हणून). त्यांनी धोक्याची घंटा दाबली. ती मधल्या सुट्टीची समजून दोन विभागांनी डबे उघडले.

शेवटी शिपायाला ते दिसले. शिपाई अनुभवी होता, धावपळ केली नाही. त्याने देखभाल विभागाला अर्ज लिहिला, “एक कर्मचारी अडकलेला आहे, माहितीसाठी सादर,” आणि शिक्क्यासाठी तो जाळीतून मामांकडेच सरकवला.

“कुठला मारू?” मामांनी विचारलं.

“तुम्हीच बघा. आतून कसं वाटतंय त्यावर आहे.”

मामांनी एकामागून एक अकराही मारले. मजकूर दिसेना म्हणून अर्ज पुन्हा लिहावा लागला, त्यात साडेचार झाले. मग तो जिन्याने वर गेला आणि चार हजार तीनशे अकरा अर्जंट कागदांच्या खाली, नियमाप्रमाणे, नम्रपणे बसला.

योगायोगाने वरच्या मजल्यावर त्याच दिवशी अकरा शिक्क्यांचा क्रम ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. विनाविलंब आधी की तत्काळ, यावर ती समिती तीन वर्षं अडली होती. शिपायाने चहासोबत बातमी दिली. साहेब खूश झाले. जिवंत उदाहरण मिळालं. खुर्च्या तिसऱ्या मजल्यावर आणवल्या गेल्या आणि लिफ्टभोवती स्थळपाहणी सुरू झाली. समितीत साहेब, थोरल्या मॅडम आणि एक टंकलेखक होते. मामांच्या डोळ्यांसमोर सहा चपला होत्या.

साहेब खाली वाकून म्हणाले, “मामा, या विषयातला तुमच्याइतका जाणकार नाही. अर्जंट म्हणजे नक्की काय?”

मामांनी घड्याळ पाहिलं. पाच सतरा.

“साहेब, जे आत्ता केलं नाही तर नंतर करून उपयोग नाही, ते अर्जंट.”

“उदाहरणार्थ?”

“माझ्या लेकीचं झाड.”

टंकलेखकाने नाक पुसलं. पाच वीसला व्याख्या एकमताने मंजूर झाली आणि लिफ्टवाल्याला फोन करायला साहेबांनी खिशात हातही घातला.

तेवढ्यात थोरल्या मॅडमना हिशेब सुचला. ही व्याख्या लावली तर चार हजार तीनशे अकरा कागदांपैकी एकही अर्जंट उरत नव्हता. ते सगळे नंतर करूनही चालणार होते (किंबहुना चालतच होते). कागद अर्जंट नाहीत तर विभाग कशाला? विभाग नाही तर तिघांच्या खुर्च्या? साहेबांचा हात खिशातून रिकामा परत आला.

“मामा, वाईट वाटून घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या. “पण तुम्हाला अर्जंट म्हटलं, तर बाकी सगळ्यांवर अन्याय होतो.”

इतिवृत्तातली ओळ खोडण्यात आली. साडेपाचला कार्यालय सुटलं. जाताना प्रत्येकाने जाळीतून मामांची विचारपूस केली. माणुसकी अजून आहे.

पावणेसातला झाडू मारणाऱ्या मावशी आल्या. त्यांना अकरापैकी एकही शब्द वाचता येत नव्हता. त्या म्हणाल्या, “अगं बाई, माणूस आहे,” आणि वर जाऊन लिफ्टच्या मोटारीचा खटका पाडून पुन्हा चढवला. लिफ्ट खाली आली. एकूण कालावधी दोन मिनिटं.

शाळेत मंडप उतरवत होते. पायरीवर लेक पुठ्ठ्याच्या फांद्या मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी तिची आई. आईने फक्त घड्याळ पाहिलं. ते जास्त वाईट असतं.

“बाबा, मी वाक्य नाही विसरले.”

“मी अडकलो होतो गं.”

“अर्जंट होतं?”

शिक्केमामांनी खूप विचार केला. “नाही,” ते म्हणाले. “तसं ठरलं नाही.”

बुधवारी त्यांनी शाळेला पाठवलेला अर्ज असा. त्यावर शिक्का नाही.

“मा. मुख्याध्यापिका यांस, विनंती की काल सहा वाजता झालेले नाटक झालेच नाही असे समजून, त्यातील झाड तेवढे पुन्हा उभे करावे. दगड उपलब्ध असल्यास तोही. प्रेक्षक एकच असेल व तो वेळेवर येईल.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: वरील हकिगत वाचून हसलेले सर्व जण, ज्यांच्या फोनवर घरून सकाळी आलेला ‘अर्जंट, फोन कर’ हा निरोप अद्याप तसाच पडून आहे. त्यांनी केलेल्या कार्यवाहीचा अहवाल आजच सादर करावा, ही विनंती.”